मिस मारते म्हणजे कोण मारते

महागूची जीप फक्त सोमवारी खोकायची. बाकीचे सहा दिवस धानाची पोती भरा, बकऱ्या भरा, वरातीतल्या म्हाताऱ्या भरा, गरीब गाईसारखी चालायची. पलटणीच्या लिलावातली, तिसऱ्या हातानं घेतलेली जुनी गाडी ती. पण महागूचा खरा मान सोमवारचाच. त्या दिवशी दवाखान्यातल्या लीलाबाई नर्स देवीची लस घेऊन बालाघाटहून बैहरकडच्या खेड्यांत जायच्या. पांढरं पातळ, लग्न झालेलं नाही, म्हणून त्यांना सारे मिस म्हणत, अन् महागूला मिसचा डायवर. तेवढ्या नावावर तो पानठेल्यावर दोन बोटं उंच उभा राही.

अन् गेले तीन सोमवार घाट लागायच्या आधीच इंजिन फटफट करून धक्के देई अन् बसून जाई. जरा वेळ थांबलं की आपोआप सुधरे. तोवर लसीच्या डब्यातला बर्फ वितळून पाणी. तिसऱ्या खेपेला मिस म्हणाल्या, "महागू, पुढच्या सोमवारी थांबली तर मी दुसरी गाडी बघीन. रागानं सांगत नाही मी."

रागानं नाही, हेच त्याला जास्त लागलं.

प्रेमलाल मिस्त्रीकडे गाडी नेली तर दुपारी ती शहाण्यासारखी चाले. प्लग बदलले, पेट्रोल फडक्यानं गाळलं. प्रेमलालनं बॉनेटला कान लावला अन् म्हणाला, "मिस तो मारती होगी, महागू भाऊ. पर मेरे सामने नहीं मारती."

घरी बायको मैनाबाई तांदूळ पाखडत होती. "का म्हणे मिस्तरी?"

"मिस मारते म्हणे."

सूप हवेतच थांबलं. "काहून मारते? तुमी का केलं तिले?"

"ती मिस नाही वो. इंजनची मिस. ठोका चुकला का तसं म्हणतात."

"मंग कटंगीच्या बाजाराले जाता तवा काहून नाही चुकत? मिस बसली का मंगच मिस मारते. मले तं सरळ दिसून राह्यलं."

महागू हसला, पण ते डोक्यातून जाईना. बाई पोत्याहून हलकी. नजर लागली म्हणावं, तर त्या बिचारीची नजर सदा सुईवर.

सोमवार उजाडला. महागूनं जीप धुवायला पाण्याच्या गुंडीला हात घातला, तर मैनाबाईनं वरून हात ठेवला.

"आज नाही. दर सोमवारी दोन गुंड्या त्या सवतीच्या डोक्यावर ओतता, मंग मी सैपाक काहानं करू? फडक्यानं पुसा."

"दर सोमवारी?"

"मंग का? मिसच्या पातळाले धूळ लागू नाही म्हणून तिची आंघोळ सोमवारीच. बाकी दिवस तं तुमी तिले झाडत बी नाही."

महागू तसाच प्रेमलालकडे गेला अन् सोमवारच्या आंघोळीचं सांगितलं. प्रेमलालनं प्लगांना करंट वाटणारी काळी टोपी काढून उन्हात धरली. केसाएवढी चीर. "पानी पीती है ये. दोपहर तक सूख जाती है." नवी टोपी गोंदियाहून येणार, चार दिवसांनी. महागूला समजलं असं वाटलं, अन् नाही समजलं असंही वाटलं. आजवर पाण्यावाचून अडलेली माणसं त्यानं पाहिली होती, पाण्यानं अडलेली ही पहिलीच.

धुळीनं माखलेली जीप दवाखान्यापुढं उभी राहिली. मिसनं आधी सीटकडे पाहिलं, मग आपल्या पातळाकडे.

"आज गाडी धुतली नाही, महागू?"

टोपी, चीर, करंट, सगळं त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "धुतली का मिस मारते, मिस."

लीलाबाईंचा उचललेला पाय तसाच राहिला. "कोण मारते?"

महागूनं दोन्ही कान धरले, मग बॉनेटकडे बोट केलं. त्यांनी सीटवर पिशवी अंथरली अन् बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. घाट चढेपर्यंत महागूचा कान इंजिनवरच. जीप खोकली नाही.

वर पोचल्यावर त्यांनी पातळ झटकलं, धूळ उडाली.

"पुढच्या सोमवारी पण धुऊ नका," त्या म्हणाल्या.