न दिलेला बीप

मी बीप दिलाच नव्हता, तरी इंगळेकाकांनी बटण दाबलं.

मलकापुरात माझं कान तपासणीचं क्लिनिक आहे. पेशंटला आवाजबंद केबिनमध्ये बसवायचं, हेडफोनमधून बारीक बीप द्यायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. एवढीच टेस्ट. चुकून कुणी जास्तीचं दाबतंच. काका मात्र दाबत, थांबत, पुन्हा दाबत. माझं बोट मशीनपासून लांब होतं.

"काका, काय ऐकलं?"

सोबत आलेल्या मुलाकडे चोरून बघत ते म्हणाले, "मॅडम, मिलिंदले जरा बाहेर पाठवा."

मिलिंद गेला.

"शोभा गाऊन राह्यली. बायको माही. मागच्या साली वारली. आमी बुद्धाचे लोकं, भूतखेत मानत नाई. गावात भगताच्या विरोधात मीच भाषणं देल्ली. आता कोन्या तोंडानं सांगू?"

मी समजावलं. कान मंद झाले की मेंदूला शांतता सोसत नाही. ताजी भाजी नसली की आपण बरणीतलं लोणचं काढतो, तसा तो साठवणीतला आवाज काढतो. हे वेड नाही आणि भूतही नाही. काका हमसून रडले.

शोभाकाकू लग्नाआधी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या, तिथल्या समूहगानात गायच्या. काकांनी गुणगुणलेलं मी रेकॉर्ड करून पुण्याच्या मैत्रिणीला पाठवलं. ती पाश्चात्त्य संगीत शिकवते.

"जुन्या ऑस्ट्रियन संगीतकाराची रचना आहे," ती म्हणाली. "मेलेल्यांसाठीची प्रार्थना. पण हे मुख्य चाल गातच नाहीत गं. खालच्या पट्टीतल्या बायकांची ओळ गातायत. मधे थांबतात ना, तिथं त्या बायका गप्प असतात आणि पुरुष गातात."

म्हणजे काकू स्वयंपाक करताना आपल्या वाट्याचं तेवढंच म्हणत असणार. कोडं सुटलं. कानाचं मशीन बसवलं, गाणं बंद झालं. मिलिंदनं पेढे आणले.

पुढच्या तपासणीला काका एकटेच आले.

"मॅडम, मशीन काढा."

"का हो? ऐकू येत नाही?"

"चांगलं येते. नातीचं बोलनं समजते. पन शोभा मधात थांबे ना, तिथं बाप्यांचे आवाज याले लागले होते. गानं पुरं होऊन राह्यलं होतं, अन् तुमी मशीन लावली."

"ते आवाज पूर्वी कुठं ऐकलेत?"

"कुठीच नाई. मले तं शोभाचंच मालूम."

मी त्यांना मशीन बंद करायचं बटण दाखवलं. "दिवसभर नातीसाठी चालू ठेवा. दिवेलागणीला थोडा वेळ बंद."

"चालते?"

"चालतं."

काकांचा चेहरा फुलला. जाण्याआधी त्यांनी ते बाप्यांचे आवाजही गुणगुणून दाखवले. रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे. मैत्रिणीला पाठवलं की बरोबर की चूक ते लगेच कळेल.

शंका आली की टेस्ट करा, असं आम्हाला शिकवतात. ही एक टेस्ट मी अजून केलेली नाही.