तीन पायांचं कासव

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही—आणि त्यांना तर भाजीत मीठ जास्त पडलं तरी मी ताट वाढायच्या आधी सांगून मोकळी होते. माझ्या पोटात काही राहत नाही, असं घरात सगळे म्हणतात. हे मात्र राहिलं. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून असेल. किंवा आता राहवत नाही म्हणून.

सुरुवात आनंदापासून करते, कारण खरोखरच सुरुवात आनंदाने झाली. मुलगी शिकायला इंदूरला होस्टेलवर गेली, देवासच्या घरात दुपारभर मी एकटी, आणि आमच्या चौराह्यावरच्या कॉम्प्युटर क्लासबाहेर बोर्ड लागला—डिजिटल आर्ट, अगदी पहिल्यापासून. मी पन्नाशीला टेकलेली. चित्रकलेत माझा हात असा, की शाळेत मी काढलेल्या आंब्याला बाईंनी बटाटा समजून मार्क दिले होते. तरी गेले. शिकवणाऱ्या पूजा मॅडम माझ्या मुलीच्याच बरोबरीच्या. म्हणाल्या, "आंटी, डरना मत, यहाँ कुछ बिगड़ता नहीं है."

आणि खरंच बिघडत नव्हतं हो. दोन बटणं एकदम दाबली की चुकलेली रेघ गायब. जन्मभर जिने रांगोळी पुसून पुसून अंगण पांढरं केलं, तिला हे मिळालं—मला काय झालं असेल, विचार करा. काचेसारख्या गुळगुळीत पाटीवर पेन फिरवायचं, आणि रेघ समोर पडद्यावर उमटायची. पहिल्या दिवशी मी पाटीकडेच बघत बसले, रेघ कुठे गेली म्हणून. मग लेयर शिकले. एकावर एक पारदर्शक कागद ठेवलेत असं समजा. खालच्या कागदावर आभाळ, वरच्यावर झाड. झाड आवडलं नाही तर नुसतं झाड उचलून टाकायचं, आभाळाला धक्का नाही. कुठलाही कागद फिका करायचा, झाकायचा, परत उघडायचा. देवीच्या टेकरीच्या पायऱ्या चढताना माझ्या डोक्यात लेयर, पोळ्या लाटताना लेयर. माझे पाय जमिनीवर नव्हते. हे सांगताना आत्तासुद्धा हात शिवशिवतायत.

आता वन्संबद्दल सांगायला हवं. टाळतेच आहे मघापासून.

वन्सं म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, शालूताई. आमच्या धारच्या घरात एकट्या राहतात. लग्न झालं नाही, का झालं नाही ते सोडा. आमच्या मराठी घरांमध्ये लग्न न झालेल्या साठीतल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, याचा निर्णय कुणालाच करता येत नाही, म्हणून बोलावत नाहीत. एक महिना सोडून. चैत्रात गौर बसली, की तिच्यापुढे रांगोळीने चैत्रांगण काढायचं असतं—गोपद्मं, शंख, चक्र, पाळणा, मोर, नाग, कासव, चंद्र-सूर्य, सगळं. ते धारमध्ये वन्संसारखं कुणालाच येत नाही. त्या महिन्यात त्यांना घरोघरून फोन. सकाळी रांगोळीचा डबा घेऊन निघायच्या ते उन्हं चढल्यावर यायच्या, कुणाकडची डाळ, कुणाकडचं पन्हं, कुणाच्या सुनेची बातमी, सगळं घेऊन. तो महिना त्या वेगळ्याच दिसायच्या. गोऱ्या नाहीत, पण उजळ दिसायच्या.

तर—एका चैत्रात मी धारला गेलेली असताना त्यांच्या चैत्रांगणाचा वरून फोटो घेतला होता. स्टूल ओढून, वर चढून. "घे की, त्यात काय विचारायचं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे क्लास संपत आला आणि प्रत्येकाने आपलं एक चित्र करायचं ठरलं. माझ्या हाताने काय होणार? मी तो फोटो खालच्या लेयरवर टाकला, फिका केला, आणि वरच्या लेयरवर रेघेवरून रेघ ओढली. यात गैर काही नाही, मॅडमनीच शिकवलं होतं. फक्त म्हणाल्या होत्या, "सीखने के लिए ठीक है आंटी, बस नीचे लिख देना किसका है." मी कितीतरी दुपारी बसून गिरवलं. रंग भरले. गोपद्मांना गेरू, मोराला निळा. आणि मग खालचा लेयर काढून टाकला. फोटो गेला, आणि उरलं ते—तुम्हाला खोटं वाटेल—मला खरंच माझं वाटलं. इतकं सुंदर मी कधी काही केलं नव्हतं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "ये तो फ्रीहँड है ना, आंटी?"

म्हणजे न गिरवता, नुसत्या हाताने काढलेलं. मी हो म्हणाले.

का म्हणाले? भीती होती का? कुणाची? त्या पोरीने मला मारलं असतं का? नाही. मला फक्त तिचा चेहरा उतरलेला बघायचा नव्हता. चित्राच्या खाली, जिथे वन्संचं नाव लिहायचं, तिथे मी माझं लिहिलं. वळणदार, लाल रंगात.

तिथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मी ते चित्र आमच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं. एकजात सगळ्यांनी वाहवा केली, मग एकीने विचारलं, याचं जमिनीवर चिकटवायचं स्टिकर होईल का? फ्लेक्सवाल्याकडे मीच गेले. "भिया, चमकीला मत करना, रांगोली जैसा दिखना चाहिए," असं त्याला बजावलं. झकास निघालं. उकिडवं बसायला नको, गुडघे दुखायला नकोत, मांजर फिरलं तरी पुसत नाही. देवासमध्ये गेलं, धारमध्ये गेलं, बदनावर गावच्या कुणा मावशींकडेही पोचलं. बायका मला आर्टिस्ट म्हणायला लागल्या, आणि मी म्हणू देत होते.

मग कुणीतरी विचारलं, कासवाला तीनच पाय कसे?

मी घरी येऊन जुना फोटो उघडला. खरंच तीन. आणि एकदम आठवलं—त्या दिवशी स्टूल सरकवताना माझीच टाच कासवावर पडली होती. मागचा पाय पुसला गेला. वन्सं म्हणाल्या होत्या, "राहू दे, तू फोटो घे, मी मग नीट करते." त्यांनी केलाही असेल. मी मात्र माझ्या टाचेने पुसलेलं ते कासव तितक्याच भक्तिभावाने गिरवलं होतं. ज्याला कासव काढता येतं तो पाय मोजतो. मी रेघा मोजत होते.

तेव्हा तरी सांगायचं? सोपं होतं—चूक झाली म्हणायचं, चौथा पाय जोडायचा. पण चूक कशी झाली हे सांगताना फोटोचा विषय निघाला असता. मी थाप मारली. म्हणाले, ही देवासची जुनी पद्धत आहे, चौथा पाय गौरीकडे असतो. कुठून सुचलं, देव जाणे. बायकांना ते इतकं आवडलं, की त्या एकमेकींना समजावून सांगू लागल्या. मी ऐकायची आणि मान डोलवायची.

पुढच्या चैत्रात वन्संचा फोन आला. "यंदा अजून कुणी बोलावलं नाही गं. ऊन फार आहे, म्हणून असेल."

"हो, ऊन फारच आहे," मी म्हणाले.

एकीने मात्र बोलावलं. धारच्या आमच्याच गल्लीतल्या काकू, त्यांना गौरीपुढे कागद चिकटवणं पटत नव्हतं. मी तेव्हा धारलाच होते, वन्संबरोबर गेले. वन्संनी डबा उघडला, आणि काकूंच्या सुनेने फोन पुढे केला. "शालूताई, अगदी असंच काढा हं. कासवाला तीनच पाय—जुनी पद्धत आहे ती."

वन्संनी फोन हातात घेतला. खूप वेळ बघितला. मान मागे वळवलेला मोर फक्त त्याच काढतात, पाळण्याला गाठीची दोरी फक्त त्याच घालतात. खाली माझं नाव. त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे. मला तेव्हा बोलता आलं असतं. घरात चार बायका होत्या, शत्रू कुणी नव्हतं. मी पन्ह्याचे पेले उचलून आत नेले—भरलेले.

बाहेर आले तेव्हा चैत्रांगण होत आलं होतं. वन्संचा हात कासवापाशी थांबला होता. मग त्यांनी तीन पाय काढले. चौथ्याची जागा सोडून त्या पुढे सरकल्या. सून म्हणाली, बघा, ताईंना पण माहीत आहे. मला लाज वाटली.

घरी जाताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या कॉम्प्युटरवर रेघ छान येते गं. माझी हल्ली थरथरते." थरथरत नव्हती. मी आत्ताच पाहिली होती.

आता मी त्याच क्लासात दुपारी नव्या बायकांना लेयर शिकवते. कुणाची पहिली रेघ पडद्यावर उमटते आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारते, तेव्हा माझाही जीव तसाच उडी मारतो. तो आनंद कमी झाला, असं सांगितलं तर ती आणखी एक थाप होईल. खाली कुणाचं नाव लिहायचं, तेही मी त्यांना शिकवते. हे सगळं वन्संना सांगायला हवं, तुम्हाला नव्हे—तेवढं मला कळतं. सांगितलेलं नाही.

त्या दिवशी घरी पोचल्यावर वन्संनी आमच्या गौरीपुढची फरशी पुसून घेतली. वाटलं, आता डबा उघडतील. त्यांनी तो फडताळात ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं ते स्टिकर आहे का गं एखादं? आपल्याकडेही तेच लावू." माझ्या पर्समध्ये होतं. मी नाही म्हणाले नाही. एक टोक त्यांनी धरलं, एक मी धरलं, आणि सुरकुती पडू नये म्हणून आम्ही दोघींनी ते हळूहळू दाबत चिकटवलं.