ज्याची नक्कल, त्याला आधी

माइकनानांशी पहिल्यांदा बोललो तेव्हा मी त्यांना 'ताई' म्हणालो. साड्यांच्या सेलची रिक्षा कॉलनीत आली होती आणि कर्ण्यातून एक बाई इतक्या आर्जवाने बोलावत होती, की मी बनियनवरच फाटकाबाहेर धावलो. रिक्षात डोकं घालून विचारलं, "ताई, सेल रविवारीपण आहे का?" आत पांढऱ्या मिशांचा, गळ्याला मफलर गुंडाळलेला साठीचा गृहस्थ माइक धरून बसला होता. त्याने आधी मिशीला हात लावून खात्री करून घेतली आणि त्याच बाईच्या आवाजात म्हणाला, "शे ना भाऊ. वहिनीले बी संगे लई या." तिथून आमची ओळख वाढली. ती वाढली नसती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

नाना मूळचे दोंडाईचाचे. तीस वर्षं जळगावात रिक्षा फिरवून त्यांनी साड्या, बियाणं, सर्कस, डोळ्यांची शिबिरं, सगळं ओरडून विकलं. बाकीच्यांनी केव्हाच पेनड्राइव्ह लावला होता. नाना मात्र चालवायला एक पोरगा ठेवून स्वतः मागे बसत आणि एकटे पाचपाच माणसं बोलत. एखाद्याचा आवाज उचलायचा तर दोन दिवस त्याच्या आसपास बसून राहत. "बोलनं सोपं शे भाऊ," म्हणत, "मानूस खोकलस कसा, थांबस कुठे, ते पकडनं पडस."

त्यांचा एक नेम होता. जाहिरातीत ज्याची नक्कल, त्याला आधी ऐकवायची, मगच गावाला. गुजराती शेठ असेल तर कापडबाजारात गुजराती दुकानात जाऊन बसायचे. पंजाबी ड्रायव्हर असेल तर हायवेवरच्या ढाब्यावर. एकदा एका सरदारजीने सगळं शांतपणे ऐकलं आणि नुसतं पाणी मागितलं. नानांनी ती जाहिरात तिथेच मोडीत काढली. रावेरच्या केळीवाल्यासाठी त्यांनी अरबी शेख केला होता, तेव्हा मी विचारलं, "आता शेख कुठून आणणार नाना?" ते म्हणाले, "जो गावमा नही, त्यानी मस्करी वारा लई जास. जो गावमा शे, त्यानी मस्करी त्याना दारशी जाई बसस." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

माझ्या मेहुण्याने, प्रमोदने, धुळ्याहून येऊन जळगावात सीसीटीव्हीचं दुकान टाकलं आणि जाहिरात लिहायचं काम माझ्यावर आलं. कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म तपासणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा लेखक व्हायची संधी मिळाली, तर तो काय करणार? मी नेपाळी वॉचमन लिहिला. चोर येतो, विचारतो, "जागा आहेस का रे?" वॉचमन म्हणतो, "नहीं शाबजी, हम तो शोया था. चोर आया, हमने बोला ले जाओ." मग बाईचा गोड आवाज: झोपणारा माणूस नको, जागणारा कॅमेरा घ्या. घरात वाचून दाखवलं तेव्हा प्रमोद टेबलावर हात आपटून हसला. बायको दूध बघायला आत गेली.

आमच्या कॉलनीचा वॉचमन टेकराज हा नेपाळचाच. अकरा वर्षं आमच्याकडे होता. पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत बायको आणि मुलीसह राहायचा. नोकरी गेली तर खोलीही जाणार, असा हिशेब. नाना दोन दिवस त्याच्याजवळ बसले, चहा प्यायले आणि माझ्या फोनवर जाहिरात बोलून दिली. डोळे मिटले तर टेकराज बोलत होता.

मग नेमाप्रमाणे आम्ही ती त्याला ऐकवायला गेलो. दुपारची वेळ, तो फाटकाशी स्टुलावर बसून मुलीच्या दप्तराची चेन शिवत होता. मला बघून उभा राहिला. सगळं ऐकलं आणि हसला. "अच्छा है शाबजी. बहुत अच्छा."

"झालं की नाना!" मी म्हणालो.

नाना मला कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले. मग म्हणाले, "बशीसन हसता तर वाजाडतू. तो उभा राहीसन हसना. पुसी टाका भाऊ ते."

"अहो नाना, गंमत आहे! पुण्याचे लोक आपल्या खानदेशी बोलण्याची टर उडवतात, आपण रडतो का?"

"तुमनी नोकरी पुन्याना लोकेसना हातमा शे का?"

मी पुसतो म्हणालो. पुसलं नाही. प्रमोदने उद्घाटनाची तारीख ठरवली होती, आणि खरं सांगायचं तर मला माझं वाक्य गावभर ऐकायचं होतं. त्याच संध्याकाळी क्लिप त्याला पाठवली. त्याने दुसऱ्या एकाच्या रिक्षावर लावली.

आठवड्याभरात जो तो फाटकातून जाताना "शोया है क्या?" विचारू लागला. सुरुवातीला हसून, मग नुसतंच. दूधवाला विचारायचा, पोस्टमन विचारायचा, ज्याच्या घराची किल्ली टेकराजकडे असायची ते जोशीकाकाही विचारायचे. पुढे त्यांनी किल्ली परत मागून घेतली. टेकराज रात्री तासातासाने शिट्टी मारायचा, तो आता दर दहा मिनिटांनी मारू लागला. अंथरुणात पडल्या पडल्या मी ती ऐकायचो. जागा आहे, जागा आहे, जागा आहे. बायको कूस बदलायची.

नानांना जाहिरात कळलीच. त्यांनी माझ्यासमोर रिक्षा थांबवली. "आते काहीतरी व्हई," एवढंच म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या गल्लीतलं पाटील कुटुंब दोन दिवस मुक्ताईनगरला गेलं होतं. परत आले तर कुलूप तुटलेलं, कपाट उघडं, दागिने गेलेले. चोरी दुपारी झाली की रात्री, कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. सकाळी माझ्या फोनवर चार ग्रुपांतून एकच क्लिप आली. बाईचा आवाज कुणीतरी कापला होता. उरलं होतं फक्त, "हम तो शोया था. चोर आया, हमने बोला ले जाओ." वर लिहिलं होतं, 'वॉचमनची कबुली. सर्वांना पाठवा.'

मी लिहिलं, 'ही जाहिरात आहे, मीच लिहिली आहे.' मग पुसलं. जे पुसायला सांगितलं होतं ते मला पुसता आलं नव्हतं. हे मात्र जमलं. शेवटी नानांना फोन लावला.

फाटकाशी गेलो तेव्हा तीस-चाळीस माणसं जमली होती. निम्मी आमच्या कॉलनीतली नव्हतीच. टेकराज टाकीच्या भिंतीला टेकून उभा, खोलीचं दार आतून बंद. एकाने त्याच्या कानाशी फोन धरला होता. "बोल, तुझाच आवाज ना?"

टेकराजने परत ऐकलं. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. "आवाज मेरा है शाबजी," तो म्हणाला, "लेकिन मैं बोला नहीं."

मागून कुणीतरी त्याची कॉलर धरली. तेवढ्यात नानांची रिक्षा गर्दीत घुसली आणि कर्ण्यातून तेच वाक्य आलं, तोच आवाज, तोच श्वास. सगळे थबकले. नाना माइक हातात घेऊन उतरले, गर्दीसमोर उभे राहिले आणि पुन्हा बोलले. तिसऱ्यांदा बोलले. "मी शे तो," म्हणाले. "ना तो बोलना, ना तो झोपना. मन्हा घसाले पकडा."

कॉलर सुटली. मग एक जण हसला, मग दुसरा, मग सगळेच. "नाना, कमाल! परत एकदा होऊ द्या!" कुणी टाळ्या वाजवल्या. मला त्या कॉलर धरणाऱ्या हातापेक्षा त्या टाळ्यांची जास्त भीती वाटली. नानांनी माइकची वायर ओढून काढली.

मी त्या गर्दीत होतो. लिहिणारा मी, हे तेव्हाही बोललो नाही.

पोलिसांनी टेकराजला दोनदा बोलावलं, काही सापडलं नाही. कमिटीने त्याला काढलंही नाही. तरी पाचव्या दिवशी खोली रिकामी होती. त्याला, बायकोला आणि मुलीला स्टेशनवर नानांनीच सोडलं. कर्णा काढून ठेवला होता, म्हणाले. पोरगी घाबरत होती.

त्यानंतर नानांनी कुणाचाही आवाज काढला नाही. थोडे दिवस स्वतःच्या आवाजात ओरडले, पण तो ऐकायला कोण येणार? पावसाळ्याआधी रिक्षा विकून दोंडाईचाला गेले. निघताना मी पाया पडलो, तर मागे सरकले. "चूक मन्ही शे भाऊ," म्हणाले. "तो हसना तवयच मी वळखं व्हतं. पुसाना भरवसा तुमनावर सोडाले नको व्हता." शिवी दिली असती तर घरी जाऊन जेवलो असतो.

जेवण गेलं नाही. बायकोला म्हणालो, "सगळं खरं, पण टेकराज स्वतः हसला होता गं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

ती शेंगदाणे भाजत होती. कढईतून नजर न काढता म्हणाली, "आमच्या धुळ्याच्या बोलण्याची नक्कल तुम्ही पाहुण्यांसमोर करता, तेव्हा मीही हसते. बावीस वर्षं हसतेय."