स्ट्रातिसकाकांनी सांगितलेला भाव

घरांच्या किमती पुढे काय होणार, हे आमच्या मॅरिकव्हिल उपनगरात बँकवाल्याला कुणी विचारत नाही, स्ट्रातिसकाकांना विचारतात. उभी हयात टायरच्या कारखान्यात गेली. पण शनिवारी फुटपाथवर कुठल्या ना कुठल्या घराचा लिलाव लागतोच, आणि काका घडीची खुर्ची घेऊन तिथं हजर. घेणारे चार, बघे पन्नास. काका भोपळ्याच्या बिया सोलत आकडा सांगतात आणि हातोडा त्याच्या आसपासच पडतो.

"काका, भाव उतरतील का हो?" एखादं तरुण जोडपं आशेनं विचारतं.

"उतरतील की. मी गेल्यावर."

मी भाडेकरूंसाठी भांडणारी बाई. घरमालक दिसला की डोकं आधी तापतं, चालतं नंतर. त्यामुळे ग्लेनिसला भाड्यानं दिलेलं आपलं शेजारचं घर काकांनी लिलावाला काढलं, तेव्हा मी फलकच रंगवायला घेतले. ग्लेनिस शाळेच्या कॅन्टीनमधून निवृत्त झालेली, एकटी. काकांची बायको देस्पिना अंथरुणाला खिळली, तेव्हा तिची वेणी घालायला रोज हीच यायची. आजच्या भाड्यात तिला या भागात एक खोलीसुद्धा परवडली नसती.

"पानोस ऐकत नाही, पोरी," काका म्हणाले. पानोस त्यांचा मुलगा. "म्हणतो, भाव आता घसरणार, वर आहेत तोवर विका."

"आणि तुम्ही ऐकलंत! जरा तरी लाज?"

"फलक आण खुशाल. पण बोली संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. जमेल?"

जमणाऱ्यातलं नव्हतं, तरी दात आवळून उभी राहिले.

किमान भाव मालकानं लिलावाआधी दलालाला सांगून ठेवायचा; बोली तिथवर पोचली नाही तर घर मालकाकडेच, ही इथली रीत. बोली चढत गेली. शेवटचा आकडा ऐकून पानोसनं मुठी वळून हवेत नाचवल्या. दलालानं मात्र काकांकडे बघितलं. काकांनी नकारार्थी मान हलवली.

"घर विकलेलं नाही," दलाल कपाळ पुसत म्हणाला.

"बाबा! आकडा काय सांगितलात तुम्ही?"

काकांनी सांगितला. तेवढ्यात समुद्राकाठचा बंगला आला असता. गर्दीत कुणीतरी शिट्टी मारली.

"डोकं फिरलंय तुमचं! जन्मभर लिलाव बघताय, एवढं कळत नाही?"

"कळतं ना. म्हणून तर सांगितला."

असं लिलावात पडून राहिलेलं घर दलाल बरेच दिवस हातात धरत नाहीत. पानोसला ते उमगलं आणि तो तणतणत ग्लेनिसलाच जाब विचारायला तिच्या दारातून आत घुसला. मी मागोमाग, भांडायच्या तयारीनं.

स्वयंपाकघरातल्या फळ्या रिकाम्या. खोकी बांधून तयार. बोली कानावर पडू नये म्हणून रेडिओ मोठ्यानं लावून ग्लेनिस एका खोक्यावर बसली होती.

"कुणी घेतलं रे, पानोस? माणसं बरी आहेत ना? तुझ्या बाबांना कुंपणावरून हाक तरी मारतील ना?"

पानोसनं रेडिओ बंद केला, गुडघ्यावर बसला आणि एका खोक्याची चिकटपट्टी फाडली.

"कुणी नाही घेतलं, मावशी. बशा कुठल्या फळीवर होत्या?"

ग्लेनिस खोक्यावरून उठली.

"वरच्या," ती म्हणाली. "आणि आधी हात धू."