लेक माझं कपाळ बघायची

तान्हं मूल आईच्या डोळ्यांत बघतं, असं सगळे म्हणतात. माझी लेक नव्हती बघत. मांडीवर घेतलं की तिची नजर आधी माझ्या केसांच्या कडेला लागायची, तिथून खाली घसरायची आणि कुंकवावर येऊन थांबायची. मेणावर लावलेलं चांगलं ठसठशीत कुंकू. ते सापडलं की हसायची, मग दूध.

नवरा मुंबईला गिरणीत. लेकीला त्याने अजून पाहिलं नव्हतं, शिमग्याला यायचा होता. त्याच्याऐवजी गावचाच एक माणूस बोटीने त्याची ट्रंक घेऊन आला. तापाने गेला, म्हणाला. तिकडेच सगळं उरकलं होतं. बायकांनी मला मागील दारी नेलं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मला रडू आलं नाही. वर्षातून एकदा येणारा माणूस. त्याचा चेहरा आठवायला गेले तर तोही धड आठवेना.

संध्याकाळी लेकीला घेतलं. तिने केसांपासून खाली बघितलं, पुन्हा वर, पुन्हा खाली. आणि किंचाळून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. वाटीने पाजलेलं वरचं दूध ओठांबाहेर काढायची. बाहेरचं लागलंय, बायका म्हणाल्या. देवळातला अंगारा आला, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत गेल्या. पोर सुकत चालली.

सासू तोंडाची फटकळ, माझ्याशी कधी गोड बोलली नाही. ती कोपऱ्यात बसून नुसती बघत होती. मग उठली आणि दार लावून घेतलं.

"अगो, ती तुजा कुकू शोधताय. हिकडं बस."

सासरे होते, त्यामुळे तिचं कुंकू होतं. आपल्या करंड्यातलं मेण तिने माझ्या कपाळाला लावलं, वर कुंकू टेकवलं. जिचा मुलगा गेला होता तिच्या बोटाने. मी मागे सरले.

"गप. पोराच्या पोटाफुडं रीत नाय."

लेकीने वर बघितलं. सापडलं. घटाघटा प्यायला लागली. तिचं पोट भरल्यावर सासूने पदराने माझं कपाळ पुसलं आणि दार उघडलं.

मग रोज हेच. पण सासू पक्की. कुंकू दिवसेंदिवस लहान लावायची. चिंचोक्याएवढं, मग मुगाएवढं, मग मोहरीएवढं. लेकीची नजर तिथे कमी रेंगाळू लागली, खाली माझ्या डोळ्यांकडे यायला लागली.

एका सकाळी सासूने करंडा उघडलाच नाही. नुसतीच लेक मांडीवर दिली. लेकीने मोकळं कपाळ बघितलं, तिथे थांबली नाही. सरळ माझ्या डोळ्यांत बघून हसली आणि प्यायला लागली.

सासूने हुश्श केलं. करंडा फळीवर ठेवला. दार उघडंच होतं.

तेव्हा मी रडले. बांगड्या फुटल्या तेव्हा जे आलं नव्हतं ते सगळं आलं. माझं कुंकू त्या सकाळी गेलं.