दिनकरच्या व्हरांड्यातला साहेब

दिनकर गेल्याची बातमी मला माझ्या मुलीकडून कळली. दिनकरचं घर माधवनगरात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि मुलगी राहते साताऱ्यात. सकाळी मी चहा गाळत होतो, फोन वाजला आणि अश्विनी रडत रडत म्हणाली, "बाबा, काका गेले. पहाटेच. तुम्ही अजून घरीच?" म्हणजे मालतीवहिनींनी नवरा गेल्यावर पहिल्या दोन-चार फोनांतला एक साताऱ्याला केला होता, आणि लहानपणापासूनचा मित्र दोन गल्ल्या पलीकडे चहा गाळत उभा! चपला अडकवून धावलो. रडूही आलं, नाही असं नाही. पण त्या रडण्यातसुद्धा एक जळजळ होती... इथंही मी मागंच राहिलो. आता महिना उलटून गेला, लोक अजून त्याचे गोडवे गातायत, मी मान डोलावतोय आणि आतली जळजळ काही शमत नाही. गेलेल्या माणसाचा हेवा करणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण दिनकर होताच तसा, त्याला मी काय करू?

आम्ही दोघंही गिरणी कामगारांची मुलं. एका बाकावर शिकलो, दोघंही बी.कॉम. झालो. मार्क माझे जास्त होते. हे मी हल्ली कुणाला सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. मी बँकेत चिकटलो तो निवृत्त होऊनच बाहेर पडलो. दिनकर मात्र एका जागी टिकेल तर शपथ! कधी कुपवाडला, कधी इस्लामपूरला, कधी पुण्याकडे, आणि शेवटी साताऱ्यातल्या एका कारखान्यात भरतीचा साहेब होऊन बसला. "गड्या, तुला नोकरी एकदाच लागली, मला धा वेळा लागली. मग अनुभव कुणाचा जास्त?" असं चारचौघांत छाती काढून विचारायचा. मी म्हणायचो, अरे, सुटलीही तितक्याच वेळा ना? तर हा हसून म्हणायचा, "त्योच तर अनुभव!" नम्रपणा त्याच्याकडे औषधालाही नव्हता. कडक इस्त्रीचा शर्ट, मानेला अत्तर, गल्लीत शिरला की आधी वास यायचा आणि मग दिनकर. आणि तरीही माणसं त्याच्याभोवती जमायची. माझ्याभोवती काय, पासबुकं जमायची.

निवृत्त झाल्यावर त्यानं व्हरांड्यात नवाच उद्योग मांडला. दर रविवारी सकाळी नोकरी शोधणारी पोरंपोरी यायची, माधवनगरातली, तासगावकडची, मिरजेची. मध्ये एक टेबल. टेबलामागे हातांची लाकडी खुर्ची, ती साहेबाची. समोर पत्र्याची घडीची खुर्ची, ती उमेदवाराची. फाटकाबाहेर जायचं, तेच दार समजून वाजवायचं, "आत येऊ का सर" म्हणायचं, इथून मुलाखतीची तालीम सुरू. आणि साहेब कोण? तर मी! "तुझं तोंड आयतंच साहेबाचं हाय," दिनकर म्हणाला होता. "तू फकस्त हसू नगंस. उत्तर कसलंबी येऊ दे, तोंडावर काय दिसता कामा न्हाई. पुढचा प्रश्न इचारायचा." मग मी मख्खासारखा प्रश्न विचारायचो, तो खांबाला टेकून ऐकायचा, आणि उत्तर लांबलं की बोटातल्या अंगठीनं खांबावर टकटक करायचा. पोरं घाबरायची मला आणि पाया पडायची त्याच्या.

एकदा तासगावच्या एका पोरानं खुर्चीत बसायच्या आधीच बेदाण्यांचा बॉक्स माझ्यासमोर ठेवला. घरची द्राक्षबाग, घरचंच बेदाण्याचं शेड. "उद्या पुण्यात असंच द्यायचं हाय साहेबांस्नी," तो म्हणाला. आपल्याकडे रिकाम्या हातानं कुणाकडे जायचं नाही, एवढं आईबापांनी शिकवलेलं. त्यात त्याचा काय दोष? दिनकर खांब सोडून पुढं आला. "आरं येड्या, सोयरीक जमवायला चाललायस का? तिथला साहेब म्हणंल, ह्यो आत्ताच देतोय, आत आल्यावर घेणार बी! कामाला लाग, मग आण. तवा मी खाईन." पोरगा कामाला लागला आणि खरंच बॉक्स घेऊन आला. बॉक्स गेला दिनकरच्या घरात. साहेबाला मूठभर मिळाले.

कबूल करायला जड जातं, पण त्याचं सांगणं खरं असायचं. पुण्यातली नोकरी सुटलेला पोरगा इथं येऊन "सुट्टीवर आलोय" म्हणत महिनोन्‌महिने घरात बसतो, आणि आई शेजारणीला सांगते की घरूनच काम चालू आहे. असल्या पोराला दिनकर सरळ झापायचा. "बैल इकायचा आसला तरी मानूस गावभर सांगतो. तू तर कामाचा गडी हाईस, लपवतोस कशापायी?" जुन्या कंपनीला मुलाखतीत शिव्या द्यायच्या नाहीत. येत नसेल ते "येत नाही, शिकेन" म्हणायचं, थापा मारायच्या नाहीत. आणि नोकरीत असलेल्यांना एक गोष्ट हमखास सांगायचा. "वरची जागा पायजे आसंल तर आपलं काम दुसऱ्याला शिकवून ठेवा. न्हाईतर साहेब म्हणतो, ह्याला हलवला तर हितं कोण?" हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी साहेबाच्या खुर्चीत बसलो होतो. मी उभ्या नोकरीत माझं काम कुणाला हात लावू दिलं नव्हतं, आणि बढत्या मिळाल्या शेजारच्या टेबलांना. पोरं गेल्यावर मी त्याच्यावर उखडलोच. "हे मला नोकरीत असताना का नाही सांगितलंस?" शर्टाची बाही सारखी करत तो म्हणाला, "तू कवा इचारलंस?"

असो. हे सगळं मी गिळलं असतं. पण अश्विनी... तिचं इंजिनिअरिंग संपलं तेव्हा मी तिला म्हटलं, रविवारी ये, मी आहेच साहेब, तुझी तालीम घेतो. "नको बाबा," म्हणाली आणि खोलीत गेली. पुढं मालतीवहिनींच्या तोंडून सहज निघून गेलं की पोरगी संध्याकाळची त्यांच्याकडे येते, मी फिरायला गेलो की. तेव्हा साहेबाच्या खुर्चीत दिनकर बसायचा. मी तडक गेलो. "तू तिचा साहेब, मग मी कोण?" दिनकर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "तू बाप हाईस, गड्या. बापाम्होरं पोरगी चुकायला भिती. हितं चुकायलाच यायचं आस्तंय." मला ते पटलं, म्हणूनच जास्त झोंबलं. तिला साताऱ्यात नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन एसटीनं आली, आणि देवापुढं ठेवायला बॉक्स माझ्या हातात दिला तर त्याची दोरी सुटलेली. "वाटेत काकांना दिला एक," ती म्हणाली. वाटेत! स्टॉपवरून येताना आमचं घर आधी लागतं.

गेल्या रविवारी ती आली होती. कारखान्यात तिच्या विभागप्रमुखाची जागा निघाली आहे, त्याची मुलाखत आहे. आम्ही दोघं वहिनींना भेटायला गेलो. वहिनींनी टेबल-खुर्च्या हलवलेल्या नव्हत्या, नुसत्या पुसून ठेवल्या होत्या. "भावजी, आज रविवार हाय. सवयीनं फाटक उघडलं बघा," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या. अश्विनी जरा वेळ खांबाजवळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, बसता का?"

इतकी वर्षं मी या दोन शब्दांची वाट बघत होतो. मी साहेबाच्या खुर्चीत बसलो. ती फाटकाबाहेर गेली, फाटक वाजवलं, "आत येऊ का सर?" म्हणाली. पत्र्याची खुर्ची कुरकुरली. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. माणसं कशी सांभाळाल, तुमच्या जागी कोण येईल. आपलं काम तिनं आधीच एकीला शिकवून ठेवलं होतं! मध्ये एका उत्तरात ती चक्क चुकली, थांबली, "परत सांगते" म्हणाली आणि नीट सांगितलं. माझ्यासमोर चुकली, गड्या... घाबरली नाही. माझा ऊर भरून आला. आणि तिथंच मला हाव सुटली. दिनकरनं कधीच न शिकवलेला एक प्रश्न मी माझ्या मनानं विचारला. रोज सकाळी ठरल्या वेळी डबा घेऊन बँकेत जाणारा बाप जिनं लहानपणापासून पाहिला, तिला विचारला.

"काम करायला तुम्ही कुणाकडून शिकलात?"

तिनं श्वाससुद्धा घेतला नाही.

"दिनकरकाकांकडून, सर."

खांबाकडे न बघता मी पुढचा प्रश्न विचारला.