नरहरदादाची रेघ

माझा थोरला भाऊ नरहर विलायतेला जाऊन कातडीच्या रोगांचा डॉक्टर होऊन आला, एवढेच वर्ध्यात सगळ्यांना ठाऊक होते. तिथे त्याने दीड वर्ष काय केले हे त्याने फक्त मला सांगितले, आणि तेही अभिमानाने. दीड वर्ष त्याने पाहिले.

तशी अटच होती. लंडनच्या त्या इस्पितळात बाहेरदेशीच्या डॉक्टरांना निरीक्षक म्हणून घेत. निरीक्षकाने पाहायचे, ऐकायचे आणि मान हलवायची. रोग्याला हात लावायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही. खाटेपासून दोन हातांवर फरशीवर पिवळी रेघ मारलेली असे, ती ओलांडायची नाही. त्या रेघेमागे एक मिसरचा, एक ब्रह्मदेशाचा, एक ग्रीक आणि आमचा दादा, असे चार शिकलेसवरलेले बाप्ये हात पाठीमागे बांधून उभे राहत. पहिल्याच आठवड्यात दादाने सवयीने एका म्हाताऱ्याच्या कोपराला हात लावला. मुख्य डॉक्टर बोलता बोलता थांबले. सगळी खोली गप्प झाली. नर्सने दादाला नळाशी नेऊन हात धुवायला लावले आणि परत आणून रेघेमागे उभे केले. तेव्हापासून त्याचे हात जे मागे गेले ते पुढे आलेच नाहीत. उलट तो या कामात इतका तरबेज झाला की मुख्य डॉक्टर नव्या निरीक्षकांना सांगत, पाहायचे कसे ते याच्याकडे पाहून शिका. निघताना प्रशस्तिपत्र मिळाले. त्यात लिहिले होते की यांनी समाधानकारकरीत्या पाहिले. आईने ते चौकटीत घालून देवघराशेजारी टांगले.

सत्तावन्न साली उन्हाळ्यात अण्णाजींनी, म्हणजे आमच्या मामांनी, बाजारातली आपली खोली दादाला दवाखान्यासाठी दिली. आधी तिथे सरकीची पोती असत. मामांनी सांगून ठेवले होते की दसऱ्यापर्यंत दवाखाना चालला तर ठीक, नाहीतर नवा कापूस यायच्या आत खोली रिकामी करायची आणि दादाने त्यांच्या कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, कारकुनी धरायची. म्हणजे दसऱ्यानंतर दादा डॉक्टर राहणार की नाही, हाच प्रश्न होता. दादा सोडून घरात सगळ्यांना त्याची काळजी होती.

दादाने पहिल्या दिवशी काय केले असेल, तर तपासायच्या बाकापासून दोन हातांवर जमिनीवर रेघ मारली. पिवळा रंग मिळाला नाही म्हणून चुन्याची. रोगी बाकावर, दादा रेघेच्या अलीकडे, हात मागे. पलीकडे रोग्याजवळ कंपाउंडर डोमाजी. दादा म्हणे, "डोमाजी, गाठ दाबून पाहा. कशी लागते?" डोमाजी दाबे, विचार करी आणि सांगे, "पिकल्या सीताफळावानी हाये, साहेब." दुसऱ्याची सूज शिळ्या भाकरीसारखी निघे, तिसऱ्याचे गळू वांग्यासारखे. डोमाजीला बोटांना जे लागे ते जेवणातच सांगता येई. दादा गंभीरपणे मान हलवी, आणि बाकावरचा माणूस आपले गळू आता खातात की काय अशा नजरेने दोघांकडे पाही.

लंडनात ती रेघ नुसती रेघ होती. वर्ध्यात तिला अर्थ फुटले. मनकर्णाबाईंना वाटले, डॉक्टर सोवळे पाळतो. त्यांना काही झाले नव्हते, तरी त्या येऊन रेघेवर हळदकुंकू वाहून गेल्या. शेजारच्या वकिलांना वाटले, आपल्याला महारोग झाल्याचा याला संशय आहे. ते नायटा घेऊन आले होते, नायटा घेऊनच तणतणत गेले.

आणि मी शिकवत होते त्या शाळेतल्या नानाजी गुरुजींना तिसरेच वाटले. आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन ते बौद्ध झाले होते. अशा रेघा त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. मधल्या सुट्टीत ते मला म्हणाले, "बाई, तुमच्या भावानं दवाखान्यात रेघ मारली म्हंते. कोनासाठी हाये थे?"

"सगळ्यांसाठी," मी म्हणाले.

"सारेच असंच सांगते."

मला राग आला. त्यांचे खरे आहे हेही कळत होते, म्हणून जास्तच आला.

रविवारी सकाळीच गुरुजी दवाखान्यात येऊन बसले. मांडीवर छत्री. हा डॉक्टर कोणाला हात लावतो आणि कोणाला नाही, ते त्यांना स्वतः पाहायचे होते. दादाला कळले तेव्हा त्याला आनंद आवरेना. इतक्या महिन्यांत कोणीतरी पाहायला आले होते. तो म्हणाला, "तिथून नीट दिसणार नाही, गुरुजी. इथे रेघेपाशी या. हात मागे घ्या, म्हणजे मान स्थिर राहते." गुरुजींनी, का कोण जाणे, हात मागे घेतले. दिवसभर दोघे शेजारी शेजारी उभे होते, आणि डोमाजी एकटा राबत होता. मी डबा घेऊन गेले तेव्हा मला हसावे की रडावे कळेना.

संध्याकाळी गुरुजी माझ्याकडे आले. "बामन आला, तेली आला, आमचा कवडू आला. कोनालेच हात नाई लावला. बाई, तुमच्या भावाच्या दवाखान्यात बरोबरी हाये. पन असी बरोबरी काय कामाची?"

भादवा संपेपर्यंत रोगी यायचे थांबले. मामांची माणसे पोती किती मावतील ते पाहायला खोलीचे माप घेऊ लागली. दादा हात मागे बांधून ते पाहत होता, आणि फीत ताणून धरा असे त्यांना सांगत होता. माझा तोल गेला. "अरे, तुझा दवाखाना मोजतायत ते. एकदा, फक्त एकदा कोणाला तरी हात लाव ना."

त्याने फितीवरची नजर काढली. मग म्हणाला, "शरयू, मी हात पुढे करायला गेलो की ती खोली परत गप्प होते." इतके दिवस मी त्याला हट्टी समजत होते. तो घाबरलेला होता. मला त्याची फार दया आली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी डोमाजी गिरडच्या दर्ग्याला गेला, म्हणून दादाने मला बोलावले. हात लावायला. आणि नेमके त्याच दिवशी नानाजी गुरुजी आपल्या आईला, तानाबाईंना, घेऊन आले. दुसरीकडे कुठे गेले असते तर गावभर झाले असते, इथे आता कोणी येत नव्हते, असे मागाहून माझ्या लक्षात आले.

तानाबाई भिंतीकडे तोंड करून बाकावर बसल्या. "खाजत नाई, दुखत नाई. डॉक्टरले काऊन दाखवाचं? पन हा आयकत नाई." त्यांनी पदर सरकवला. पाठीवर तळहाताएवढा फिकट चट्टा होता. दादाने रेघेमागून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. वकील ज्याला भ्याले होते तेच हे असावे, हे त्याने ओळखले होते. पण चट्टा बधिर झाला आहे की त्याला स्पर्श कळतो, हे पाहून कळण्यातले नव्हते.

"शरयू, तू बोट लाव," तो हळूच म्हणाला.

माझी पावले ऐकून तानाबाई म्हणाल्या, "पोरीचा हात नोको. डॉक्टर हाये तं डॉक्टरनं लावावं. नाई तं चाल नाना, घरी."

नानाजी गुरुजी दादाच्या पायांकडे पाहत होते.

दादाने पाठीमागचे हात सोडवले. त्याने रेघ ओलांडली, वाकला, आणि चट्ट्यावर आधी दोन बोटे आणि मग सगळा तळवा ठेवला. मला वेड्यासारखा आनंद झाला.

"लाव ना बापा," तानाबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या बाईले काय भेतं?"

दादाचा तळवा त्यांच्या पाठीवरच होता.

"नाना, हा भी हात नाई लावत का रे?"

गुरुजींनी दादाच्या हाताकडे पाहिले, मग आईच्या पाठीकडे. "लावला, माय. लावला त्यायनं."

"खोटं नोको बोलू. मले समजत नाई का?"

"याला औषध आहे, आई," दादा म्हणाला. "गोळ्या आहेत. वेळ लागेल, पण आहे." त्याने हात काढला नाही. तसाच सावकाश वर नेला, चट्ट्याच्या कडेबाहेर, खांद्यावर.

"हां," तानाबाई म्हणाल्या. "आता लावला."